शत्रू मालमत्ता: कुलूप सरकारचे, घर कोणाचे?

ठाणे जिल्ह्यात वाढलेल्या माणसाला ‘सरकारने जमीन घेतली’ या वाक्याचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही. नवी मुंबईसाठी ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतल्या ९५ गावांच्या जमिनी घेतल्या गेल्या. योग्य मोबदल्यासाठी जानेवारी १९८४ मध्ये जासई परिसरात झालेल्या आंदोलनात पाच शेतकरी गोळीबाराला बळी पडले, आणि साडेबारा टक्के भूखंडाची योजना त्या लढ्यातून आली. तिकडे कल्याणजवळच्या लष्करी छावणीत फाळणीनंतर सिंधी निर्वासित आले आणि १९४९ मध्ये त्या वस्तीचे उल्हासनगर झाले. फाळणीत पाकिस्तानात गेलेल्यांनी मागे सोडलेल्या मालमत्ता सरकारने एकत्र केल्या आणि त्या साठ्यातून तिकडून आलेल्या निर्वासितांना भरपाई देण्याची देशव्यापी व्यवस्था उभी राहिली, तीही याच काळात. म्हणजे सरकारने मालमत्ता घेण्याचे दोन प्रकार आपल्या डोळ्यांसमोर आहेत: एक सार्वजनिक कामासाठी मोबदला देऊन घेण्याचा, दुसरा फाळणीच्या हिशेबाचा.

तिसरा प्रकार मात्र फारसा कोणाला ठाऊक नसतो. जुन्या इमारतीच्या पुनर्विकासाची बोलणी सुरू होतात, वकील मिळकत पत्रिका काढतात, आणि एखाद्या नोंदीत मालकाच्या नावाऐवजी ‘अभिरक्षक, शत्रू मालमत्ता’ असे शब्द दिसतात. मग घरातल्या वडीलधाऱ्यांना अचानक कराचीला गेलेल्या कोणा काकांची आठवण होते. हा तिसरा प्रकार म्हणजे १९६८ चा शत्रू मालमत्ता कायदा. त्यात मोबदला नाही, सार्वजनिक प्रयोजन दाखवण्याची अट नाही आणि २०१७ पासून व्यवहारात त्याला शेवटही उरलेला नाही. म्हणून तो नीट समजून घेण्याची गरज आहे.

आधी ‘शत्रू’ या शब्दाबद्दलचा गैरसमज दूर करायला हवा. या कायद्यातला शत्रू म्हणजे हेर, सैनिक किंवा देशद्रोही नव्हे. त्या माणसाने काय केले, हा प्रश्न येथे विचारलाच जात नाही. तो ज्या देशाचा नागरिक होता, त्या देशाने भारतावर आक्रमण केले होते की नाही, एवढेच पाहिले जाते. १९६२ च्या युद्धामुळे चीनचे नागरिक या व्याख्येत आले आणि १९६५ व १९७१ च्या युद्धांमुळे पाकिस्तानचे. कराचीच्या एखाद्या शाळेत आयुष्यभर गणित शिकवणारा आणि राजकारणाशी काडीचाही संबंध नसलेला माणूससुद्धा कायद्याच्या लेखी शत्रूच ठरतो.

ही कल्पना भारताची नाही. युद्ध सुरू झाले की शत्रुदेशाच्या नागरिकाची आपल्या देशातली संपत्ती त्या देशाच्या उपयोगी पडू नये, म्हणून ती गोठवायची, हा त्यामागचा साधा विचार आहे. कारखाना, जहाज, बँकेतली ठेव, कंपनीचे शेअर यांतून युद्धाला पैसा पुरवला जाऊ शकतो, ही भीती खरी असते. तरीही एकोणिसाव्या शतकात खासगी माणसाची मालमत्ता युद्धातही सहसा जप्त करू नये, असे मानण्याकडे कल होता. १७९४ मध्ये ब्रिटन आणि अमेरिका यांनी केलेल्या तहात, पुढे युद्ध झाले तरी एकमेकांच्या नागरिकांची कर्जे आणि ठेवी जप्त करणार नाही, असे स्पष्ट कलमच होते.

पहिल्या महायुद्धाने हा संकेत मोडला. अमेरिकेने १९१७ मध्ये शत्रूशी व्यापार करण्यावर बंदी घालणारा कायदा केला आणि बायर या जर्मन कंपनीची तिथली मालमत्ता, ॲस्पिरिनच्या नावावरील हक्कासह, १९१८ च्या डिसेंबरात लिलावात विकून टाकली. व्हर्सायच्या तहाने तर जर्मन नागरिकांची अशी संपत्ती ठेवून घेण्याचा हक्क विजेत्यांना दिला आणि त्या नागरिकांना भरपाई देण्याचे ओझे जर्मनीवरच टाकले. जपणुकीसाठी लावलेले कुलूप कायमच्या मालकीकडे कसे सरकते, त्याचे हे पहिले मोठे उदाहरण.

ब्रिटिशांनी दुसऱ्या महायुद्धात भारत संरक्षण नियमांखाली जर्मन, इटालियन आणि जपानी मालमत्तांसाठी येथे अभिरक्षक नेमला. अभिरक्षक म्हणजे राखणदार, आपल्या रोजच्या बोलण्यातला ‘कस्टोडियन’. या अभिरक्षकाचे मुख्य कार्यालय पुष्कळ वर्षे मुंबईतच, बॅलार्ड इस्टेटमधल्या कैसर-ए-हिंद इमारतीत होते. हा विषय २००७ पर्यंत वाणिज्य मंत्रालयाकडे होता आणि त्यानंतर तो गृह मंत्रालयाकडे गेला. मला ही नोंद बारीक वाटत नाही. ज्या गोष्टीकडे देश आधी व्यापाराच्या नजरेने पाहत होता, तिच्याकडे तो आता सुरक्षेच्या नजरेने पाहू लागला, हे या एका बदलातून कळते.

आता मूळ घटनाक्रम पाहू. ऑक्टोबर १९६२ मध्ये आणीबाणी जाहीर झाली आणि भारत संरक्षण नियम लागू झाले. सप्टेंबर १९६५ मध्ये पाकिस्तानशी युद्ध पेटले आणि १० सप्टेंबर १९६५ च्या अधिसूचनेने पाकिस्तानी नागरिकांची भारतातली मालमत्ता अभिरक्षकाकडे सोपवली गेली. युद्ध थोड्याच दिवसांत थांबले. १० जानेवारी १९६६ च्या ताश्कंद घोषणेत, संघर्षाच्या काळात दोन्ही बाजूंनी ताब्यात घेतलेली मालमत्ता परत करण्याबाबत चर्चा करू, असेही लिहिले गेले. ती चर्चा फळाला आली नाही. पाकिस्तानने आपल्याकडच्या भारतीयांच्या मालमत्ता १९७१ मध्येच विकून टाकल्या, असे भारत सरकारने पुढे वेळोवेळी सांगितले आहे.

दरम्यान जानेवारी १९६८ मध्ये आणीबाणी उठली. संरक्षण नियमांची मुदत संपताच या मालमत्तांवरचा ताबाही सुटला असता. तो सुटू नये म्हणून आधी वटहुकूम आणि मग संसदेचा कायदा असा मार्ग घेतला गेला आणि शत्रू मालमत्ता कायदा १० जुलै १९६८ पासून अमलात आला. डिसेंबर १९७१ च्या युद्धात पुन्हा नियम लागू झाले आणि २६ सप्टेंबर १९७७ पर्यंत आणखी मालमत्ता या व्यवस्थेत आल्या.

फाळणीच्या मालमत्ता आणि या मालमत्ता यांत लोक नेहमी गल्लत करतात. १ मार्च १९४७ नंतर फाळणीमुळे देश सोडून गेलेल्यांची संपत्ती १९५० च्या वेगळ्या कायद्याखाली आली होती. ७ मे १९५४ नंतर त्या कायद्याखाली नवी मालमत्ता जाहीर करणे थांबले आणि २००५ मध्ये तो कायदाच रद्द झाला. शत्रू मालमत्तेच्या चर्चेत मलबार हिलवरच्या जिना हाऊसचे नाव हमखास निघते, पण त्या बंगल्याचा कायदेशीर इतिहास या फाळणीच्या कायद्याशी जोडलेला आहे. शत्रू मालमत्ता कायदा जास्त करून अशांना लागला, जे १९६५ किंवा १९७१ च्या वेळी पाकिस्तानचे नागरिक होते आणि ज्यांच्या नावावर इथे काही ना काही शिल्लक होते.

असे लोक कमी नव्हते, आणि त्याचे कारण भूगोलात आहे. सिंध १९३६ पर्यंत मुंबई इलाख्याचाच भाग होता. मुंबईहून कराचीला बोटी जात, नोकऱ्या-व्यापारासाठी माणसे तिकडे जात आणि सणावाराला परत येत. कोकणी मुस्लिमांची वस्ती कराचीत आजही आहे. त्या काळात एक भाऊ कराचीला आणि बाकीचे भिवंडीला, हे एक भाऊ पुण्याला असण्याइतकेच साधे होते. पुढे मधोमध सरहद्द आली आणि सातबाऱ्यावरच्या एका नावाचे राष्ट्रीयत्व बदलले.

आता कायद्याचा गाभा, म्हणजे ‘निहित होणे’. मालमत्ता अभिरक्षकाकडे निहित होते, असे कायदा म्हणतो. निहित झाली म्हणजे सरकार मालक झाले, असा अर्थ बहुतेक जण लावतात, आणि तो चूक आहे. शेजारी गावाला जाताना किल्ली देऊन गेला तर आपण घराची काळजी घेतो, वीजबिल भरतो, वेळप्रसंगी कौले शाकारून घेतो. पण त्यामुळे घर आपले होत नाही. मूळ कायद्यात अभिरक्षकाची भूमिका पुष्कळ अंशी अशीच होती. मालमत्ता सांभाळायची, भाडे वसूल करायचे, कर भरायचे, गरज पडल्यास दावे चालवायचे. इतकेच नव्हे, तर ती मालमत्ता ज्याची होती, त्याच्या भारतातल्या कुटुंबाच्या निर्वाहासाठी तिच्या उत्पन्नातून खर्च करण्याची मुभाही त्यात होती. केंद्र सरकारला वाटले तर मालमत्ता मालकाला परत करण्याची तरतूद होती. त्या मूळ मसुद्यात माणुसकीची ही जागा ठेवणाऱ्यांबद्दल मला आदर वाटतो.

हा फरक केवळ शब्दांचा नाही, हे २२ फेब्रुवारी २०२४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने दाखवून दिले. लखनौमधल्या एका शत्रू मालमत्तेवर तिथल्या महानगरपालिकेने कर लावला होता. केंद्र सरकारच्या मालमत्तेवर स्थानिक कर लागत नाही, असे राज्यघटनेचे २८५ वे कलम सांगते, म्हणून कर माफ असावा असा युक्तिवाद झाला. न्यायमूर्ती बी. व्ही. नागरत्ना आणि न्यायमूर्ती उज्जल भुयान यांच्या खंडपीठाने तो अमान्य केला. अभिरक्षक हा विश्वस्तासारखा असतो, मालमत्ता त्याच्याकडे निहित झाल्याने केंद्र सरकार तिचे मालक होत नाही, म्हणून महापालिकेला कर आकारता येतो, असे न्यायालयाने ठरवले. मालमत्ता शत्रूची म्हणून नोंदली गेली तरी घरपट्टी चुकत नाही, हा त्याचा व्यावहारिक अर्थ.

मालक मेल्यावर काय, हा यातला सर्वांत अवघड प्रश्न, आणि तो महमूदाबादच्या राजांच्या प्रकरणात उभा राहिला. राजा अमीर अहमद खान यांनी १९५७ मध्ये पाकिस्तानचे नागरिकत्व घेतले. लखनौचा बटलर पॅलेस, हजरतगंजमधली दुकाने, सीतापूर जिल्ह्यातला महमूदाबादचा किल्ला अशी त्यांची प्रचंड मालमत्ता १९६५ मध्ये अभिरक्षकाकडे गेली. १९७३ मध्ये लंडनमध्ये त्यांचे निधन झाले. त्यांचा मुलगा मात्र भारतात वाढलेला, भारताचा नागरिक होता. मुलाने विचारले की वडील शत्रू होते हे मान्य, पण ते आता हयात नाहीत आणि वारस मी, भारतीय आहे. मग माझे घर कोणत्या शत्रूच्या नावाने अडवून ठेवले आहे? प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात आले, तिथे निकाल मुलाच्या बाजूने लागला आणि २१ ऑक्टोबर २००५ रोजी सर्वोच्च न्यायालयानेही भारतीय नागरिक शत्रू ठरू शकत नाही असे सांगून मालमत्ता परत करण्याचा आदेश दिला. वडिलांच्या मृत्यूपासून तोवर बत्तीस वर्षे गेली होती.

त्या निकालानंतर देशभरातून वारसाहक्काचे दावे येऊ लागले. सरकारची भूमिका अशी होती की यांतले अनेक दावे संशयास्पद आहेत, कवडीमोलाने विकत घेतलेल्या हक्कांवर ते उभे आहेत, आणि पाकिस्तानने इथल्या लोकांची मालमत्ता कधीच विकून खाल्ली असताना भारतानेच परतफेड करत राहावे हे न्याय्य नाही. या म्हणण्यात अजिबात तथ्य नाही, असे मी म्हणणार नाही. २०१० मध्ये वटहुकूम निघाला आणि विरला. जानेवारी २०१६ पासून एकामागून एक असे पाच वटहुकूम निघाले आणि मार्च २०१७ मध्ये संसदेने दुरुस्ती कायदा संमत केला.

या दुरुस्तीने किल्ली सांभाळणाऱ्या शेजाऱ्याचे चित्र बदलून टाकले. शत्रूच्या व्याख्येत आता त्याचे कायदेशीर वारसही आले, मग ते भारताचे नागरिक असले तरीही. मूळ मालक मेला, त्याने राष्ट्रीयत्व बदलले, त्याची कंपनी बुडाली, तरी मालमत्ता अभिरक्षकाकडेच राहते. या मालमत्तांना वारसाहक्काचे कोणतेही कायदे लागत नाहीत. शत्रूने पूर्वी केलेली विक्री किंवा बक्षीसपत्र रद्दबातल ठरते. केंद्राच्या पूर्वपरवानगीने मालमत्ता विकण्याचा अधिकार अभिरक्षकाला मिळाला. कुटुंबाच्या निर्वाहाचे ते जुने शब्द गेले आणि अभिरक्षकाचे शुल्क २ टक्क्यांवरून ५ टक्के झाले. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे हे सगळे मूळ कायद्याच्या आरंभापासूनच असे होते, असे मानायचे ठरले, म्हणजे २००५ च्या निकालाचा पायाच काढून घेतला गेला.

हे एका काल्पनिक कुटुंबावरून पाहू. समजा, भिवंडीत एक वाडा आहे आणि वडिलांच्या मृत्यूनंतर तो चार भावांच्या नावे समान हिश्श्याने झाला. थोरला १९५५ मध्ये नोकरीसाठी कराचीला गेला आणि तिकडचा नागरिक झाला. बायको आणि मुलगा मात्र भिवंडीतच राहिले. १० सप्टेंबर १९६५ रोजी अभिरक्षकाकडे गेला तो केवळ थोरल्याचा चौथा हिस्सा. बाकीच्या तिघांचे तीन हिस्से त्यांचेच राहिले, आजही आहेत. थोरला १९८० मध्ये वारला. त्याच्या मुलाने २००६ मध्ये दावा केला असता, तर त्या वेळच्या निकालाच्या आधाराने त्याला वडिलांचा हिस्सा मागता आला असता. तोच मुलगा आज दावा करायला गेला, तर तो आयुष्यभर भिवंडीत राहिलेला, मतदान करणारा, कर भरणारा असूनही त्या चौथ्या हिश्श्यापुरता ‘शत्रू’ म्हणून गणला जातो. येथे मला थांबावेसे वाटते. एखाद्या नागरिकाला मालमत्ता न देण्याची कारणे राज्याकडे असू शकतात. परंतु आपल्याच नागरिकाला कायद्याच्या भाषेत शत्रू म्हणणे ही फार जड गोष्ट आहे, आणि ते शब्द कायद्यात लिहिताना जेवढा संकोच वाटायला हवा होता, तेवढा वाटलेला दिसत नाही.

अशा व्याख्या कुठवर जाऊ शकतात, ते सरहद्दीपलीकडे दिसते. १९६५ मध्ये तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातही असाच कायदा आला आणि तिथे भारतात गेलेल्यांच्या मालमत्ता ‘शत्रू’ ठरल्या. बांगलादेश झाल्यावर कायद्याचे नाव बदलले, पण व्यवस्था चालू राहिली आणि भारतात न गेलेल्या, तिथेच राहिलेल्या असंख्य हिंदू कुटुंबांच्या जमिनी तिच्यात गेल्या. त्या परत करण्याचा कायदा तिथल्या संसदेला २००१ मध्ये करावा लागला.

आपल्याकडे आज किती मालमत्ता या कायद्याखाली आहेत? २०२३ मध्ये जाहीर झालेल्या सरकारी आकड्यांनुसार देशभरात १२,६११ स्थावर मालमत्ता अशा होत्या; त्यांपैकी १२,४८५ पाकिस्तानी आणि १२६ चिनी नागरिकांशी संबंधित. उत्तर प्रदेशात सर्वाधिक, ६,२५५, आणि त्याखालोखाल पश्चिम बंगालमध्ये ४,०८८. महाराष्ट्राचा आकडा २०८ होता. संख्या लहान दिसते, पण मुंबई-ठाण्यातल्या जागेची किंमत लक्षात घेतली तर तिचे वजन कळते.

जमिनीपेक्षा शेअर मात्र चटकन विकले गेले. नोव्हेंबर २०१८ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ९९६ कंपन्यांमधल्या साडेसहा कोटींहून अधिक शत्रू शेअरांच्या विक्रीची पद्धत मंजूर केली. एप्रिल २०१९ मध्ये विप्रोचे सुमारे ४.४ कोटी शेअर सुमारे १,१५० कोटी रुपयांना विकले गेले आणि भारतीय आयुर्विमा महामंडळासह सरकारी विमा कंपन्यांनी ते घेतले. विप्रोची सुरुवात आपल्या जळगाव जिल्ह्यातल्या अमळनेरची, वनस्पती तुपाच्या गिरणीपासून. हे शेअर अभिरक्षकाकडे आले तेव्हा ती तेला-तुपाचीच कंपनी होती. मूळचे मोजके शेअर बोनसमागून बोनस मिळून कुलपाच्या आत वाढत राहिले.

स्थावर मालमत्तांच्या बाबतीत, २०२३ च्या नियमांनुसार, ठरावीक मर्यादेहून कमी किमतीची मालमत्ता आधी तिथे राहणाऱ्यालाच विकत घेण्यासाठी देऊ करायची आणि त्याने नाकारल्यास पुढे जायचे, असे ठरले. पागडीच्या जुन्या भाडेकरूंना याचा दिलासा आहे. मात्र हेही ध्यानात ठेवावे की २०१७ पासून शत्रू मालमत्ता ‘सरकारी जागा’ समजून अनधिकृत रहिवाशाला बाहेर काढण्याच्या १९७१ च्या कायद्याखाली येते, म्हणून भाडे अभिरक्षकाकडे भरल्याच्या पावत्या जपून ठेवणे फार गरजेचे आहे.

ठाणे, कल्याण, भिवंडी, मुंब्रा या भागांत जुनी जागा घेताना किंवा इमारत पुनर्विकासाला देताना काय पाहावे? दुय्यम निबंधक कार्यालयातून सूची क्रमांक दोनच्या आधारे किमान ३० वर्षांचा शोध घ्यावा. पण या विषयात तेवढ्याने भागत नाही, कारण मूळ घटना १९६५ ते १९७७ च्या आहेत. म्हणून जुने फेरफार, सातबाऱ्याचा ‘इतर हक्क’ रकाना आणि मिळकत पत्रिकेवरच्या जुन्या नोंदी त्या काळापर्यंत मागे जाऊन वाचाव्यात. सहमालकांपैकी कोणाचे नाव अनेक वर्षे वारस न लागता तसेच पडून असेल, तर तो माणूस कुठे गेला हे विचारल्याशिवाय पैसे देऊ नयेत. अभिरक्षकाच्या संकेतस्थळावरच्या याद्याही पाहाव्यात.

नोंद चुकीची आहे, आपले आजोबा कधी पाकिस्तानचे नागरिक झालेच नव्हते, असे कोणाचे म्हणणे असेल, तर त्याने केंद्र सरकारकडे अर्ज करायचा असतो. दिवाणी न्यायालयाचा दरवाजा या विषयासाठी २०१७ पासून बंद आहे. केंद्राचा निर्णय विरोधात गेला तर ६० दिवसांच्या आत उच्च न्यायालयात अपील करता येते आणि पुरेसे कारण दाखवल्यास आणखी ६० दिवसांपर्यंत मुदत मिळू शकते. अशा अर्जात सगळा भर पुराव्यावर असतो: त्या काळातली मतदार यादी, भारतीय पारपत्र, शाळेचा दाखला, नोकरीची कागदपत्रे, शिधापत्रिका, दफनभूमीतली नोंद. भिवंडीच्या त्या कल्पित वाड्यातल्या तिघा भावांच्या कुटुंबांसाठी तर पहिले काम म्हणजे आपले तीन हिस्से चौथ्यापासून कागदोपत्री वेगळे सिद्ध करणे, आणि हे काम चारही भावांची नावे तोंडपाठ असलेली घरातली शेवटची व्यक्ती हयात असतानाच हाती घ्यायला हवे.